पासवर्ड बरोबर, तरी दार बंद!

सोमवार, सकाळचे नऊ चाळीस. हातात चहाचा दुसरा कप, समोर अर्धवट राहिलेला लेख, आणि कानाला फोन. फोनवर ताई.

ताई म्हणजे माझी मावसबहीण. राहते रत्नागिरीला, नोकरी करते पुण्यातल्या एका कंपनीत. म्हणजे देहानं कोकणात आणि लॉगिननं पुण्यात! दीडेक वर्षापासून कंपनीचं पगाराचं सगळं काम ती घरूनच करते. समोर आंब्याचं झाड, मागे सासूबाईंचा रेडिओ आणि मधे लॅपटॉप... एकदम हेवा वाटावा असा सेटअप. पण त्या दिवशी तिचा आवाज हेवा वाटण्यासारखा नव्हता.

“अगो, माझं मेल उघडत नाहीये. सारखा पासवर्ड विचारतंय. टाकला की परत विचारतंय. दहा वेळा टाकला!”

“कॅप्स लॉक बघितलास?”

“बघितला. मी काय पहिलीत आहे?”

टेन्शनचं कारण सॉलिड होतं. बारा वाजेपर्यंत साठ जणांच्या पगाराची फाइल तिला मेलनं पुढे पाठवायची होती. ती गेली नाही, तर पगार एक दिवस लांबणार. आणि महिन्याच्या शेवटी ‘एक दिवस’ म्हणजे काय, हे ईएमआय भरणाऱ्या तुम्हाआम्हाला कुणी सांगायला नको!

फ्रेंड्स, ऑफिसमध्ये बसून काम करणाऱ्यांना एक सुख असतं, ज्याची आपल्याला किंमत नसते. मेल बंद पडलं की आपण खुर्ची फिरवतो आणि शेजारच्याला विचारतो, “तुझं चालू आहे का रे?” बस्स! तो ‘हो’ म्हणाला तर गडबड माझ्याकडे, ‘नाही’ म्हणाला तर गडबड ऑफिसची. पाच सेकंदांत अर्धं निदान. घरून काम करणाऱ्याला ही शेजारची खुर्चीच नसते. त्याला मेल बंद म्हणजे ऑफिसचं दारच बंद, आणि बाहेर तो एकटा. मग तो काय करतो? तोच पासवर्ड पुन्हा टाकतो. अजून एकदा. जरा जोरात की दाबून...

आणि नेमकी तिथेच वाट लागते. कशी, ते ताईच्याच उदाहरणात बघू.

कोण, काय, कधी, कुठे, का?

मी काही आयटीवाली नाही. पण मास कॉमला पहिल्याच आठवड्यात बातमीचे प्रश्न घोकून घेतले होते. कोण, काय, कधी, कुठे, का. बातमीला चालतात, बिघाडालाही चालतात. म्हटलं, बघू या.

“ताई, आधी टाइप करणं थांबव. कधीपासून होतंय?”

“आज सकाळी लॅपटॉप उघडला तेव्हापासून.”

“त्याआधी काय बदललं?”

“काही नाही.”

(हे उत्तर सगळे देतात. त्यावर विश्वास ठेवायचा नसतो. दोन सेकंद गप्प बसायचं.)

“म्हणजे... शुक्रवारी पासवर्ड बदलला. कंपनीनं सगळ्यांनाच बदलायला सांगितलं होतं. पण तो बदलला ना नीट! काल आम्ही गणपतीपुळ्याला गेलो होतो, तिथे फोनवर मेल बघितलं की मी.”

हे महत्त्वाचं होतं. नवा पासवर्ड फोनवर चाललाय, म्हणजे पासवर्ड बरोबर आहे. मग दार बंद का?

“ताई, तो मेलचा प्रोग्राम राहू दे. क्रोममध्ये जा, कंपनीचं वेबमेल उघड.”

“पानच उघडत नाही. नुसतं गोल फिरतंय.”

“फोनवर?”

“फोनवर पण तेच. अगो, कालपर्यंत तर येत होतं!”

“आता फोनचं वायफाय बंद कर. मोबाइल डेटावर बघ.”

चार सेकंद शांतता. मग एकदम, “आलं! उघडलं! हे काय गौडबंगाल?”

गौडबंगाल काही नव्हतं. तोच फोन, तोच पासवर्ड, तीच बाई. फक्त वाट बदलली. म्हणजे गडबड पासवर्डात नव्हती, फोनमध्ये नव्हती, कंपनीच्या मेलमध्येही नव्हती. ताईच्या घरातून जाणारी वाटच कुणीतरी बंद केली होती.

किल्ली, मावशी आणि वॉचमन

कसं ते सांगते. समजा, तुम्ही घराची एक किल्ली कामवाल्या मावशींकडे दिली आहे. तुम्ही घरी नसलात तरी त्या येतात, उघडतात, काम करून जातात. शुक्रवारी तुम्ही कुलूप बदललंत आणि मावशींना सांगायला विसरलात. सोमवारी मावशी आल्या. जुनी किल्ली लावली, फिरेना. परत लावली, परत फिरेना. पाच मिनिटांनी पुन्हा प्रयत्न. हे सगळं खालून वॉचमन बघतोय. त्याला वाटलं, कुणीतरी घर फोडतंय. त्यानं फर्मान काढलं, ‘या पत्त्यावरून येणाऱ्या कुणालाही आत सोडायचं नाही.’ मग मागून तुम्ही स्वतः नवी, खरी किल्ली घेऊन आलात, तरी वॉचमन म्हणतो, ‘नो एंट्री!’

आउटलुक, थंडरबर्ड असे कॉम्प्युटरवरचे मेलचे प्रोग्राम म्हणजे या मावशी. आपण एकदा पासवर्ड देतो, ते तो जपून ठेवतात आणि दर काही मिनिटांनी आपल्यासाठी मेल आणायला जातात. आपण विसरतो, ते विसरत नाहीत. पासवर्ड बदलला की ते जुनीच किल्ली घेऊन सर्व्हरच्या दारात उभे. वॉचमन म्हणजे सर्व्हरवरची सुरक्षा यंत्रणा. लागोपाठ चुकीचे पासवर्ड आले, की ती आधी खातं अडवते आणि तरीही थांबलं नाही तर तो इंटरनेट पत्ताच, म्हणजे आयपी ॲड्रेस, अडवते. छोट्या-मध्यम कंपन्यांच्या मेल सर्व्हरवर हा प्रकार नेहमीचा. घरातला लॅपटॉप, फोन, टॅब सगळे एकाच वायफायवर, म्हणजे बाहेरच्या जगासाठी सगळ्यांचा पत्ता एकच. एकाचा गुन्हा, सगळ्यांना शिक्षा!

म्हणून ताईला आधी पासवर्डची चौकट दिसत होती आणि नंतर पानच उघडेना. तिला दोन्ही ‘पासवर्ड चुकतोय’ असंच वाटलं. खरं तर त्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. आणि नव्या पासवर्डचे ते दहा प्रयत्न? तेव्हा वॉचमननं दार लावून घेतलेलं होतं. प्रत्येक प्रयत्नानं त्याचा संशय वाढत होता.

“थांब, दुसरा फोन येतोय”

एवढं सांगून होतंय तोवर ताई म्हणाली, “थांब गं, दुसरा फोन येतोय. ते कस्टमर केअरवाले.”

“कुठले कस्टमर केअरवाले?”

“मघाशी नेटवर शोधलं ना, मेल लॉगिन हेल्पलाइन म्हणून. वर जो नंबर आला त्यावर फोन केला. चांगला बोलला बिचारा. एक ॲप टाकायला सांगितलंय, म्हणजे त्याला माझी स्क्रीन दिसेल. डाउनलोड होत आलंय. मग त्यात जो नंबर येईल तो त्याला सांगायचा.”

माझ्या हातातला चहा सांडायचा बाकी होता. “ताई, तो फोन उचलू नकोस! ते ॲप काढून टाक. आत्ता. माझ्यासमोर.”

“अगो पण तो...”

“ताई, कंपनीनं तुला तो नंबर दिलाय का? नाही ना? मग तो कंपनीचा माणूस नाही.”

विचार करा, त्या लॅपटॉपवर काय होतं. साठ माणसांची नावं, बँक खाती, पॅन नंबर, पगार. अनोळखी माणसाला स्क्रीन दिली, की तो काय बघेल, काय उचलेल आणि बोलता बोलता कुठला ओटीपी काढून घेईल, सांगता येत नाही. स्क्रीन शेअर करणारं ॲप स्वतः वाईट नसतं, कंपनीचे आयटीवालेही ते वापरतात. प्रश्न एवढाच, की समोर कोण आहे आणि त्याचा नंबर आपल्याला कुठून मिळाला? नेटवरच्या शोधात वर दिसणारा नंबर खरा असेलच असं नाही. खोटे ‘कस्टमर केअर’ नंबर पेरून ठेवणं हा आपल्याकडचा जुना धंदा आहे. आणि त्यांचं गिऱ्हाईक मूर्ख नसतं, फक्त घाईत असतं. ताई पंधरा वर्षं अकाउंट्समध्ये आहे, समोरच्याची एक रुपयाची चूक पकडते. त्या सकाळी मात्र तिला घड्याळाशिवाय काही दिसत नव्हतं.

तेव्हा पहिला नियम लिहून ठेवा. मदतीचा नंबर अडचण येण्याआधी घेऊन ठेवायचा, अडचणीत शोधायचा नाही. दुसरा, ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, आयटीवाल्यालाही नाही. आणि देव न करो, पण फसवणुकीत पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा.

अकरा वीसला फाइल गेली

मग आम्ही शांतपणे कामाला लागलो. क्रम महत्त्वाचा होता.

आधी लॅपटॉपवरचा मेलचा प्रोग्राम पूर्ण बंद केला. (तो चालू ठेवून हॉटस्पॉट जोडला असता, तर मावशी जुनी किल्ली घेऊन त्या वाटेनंही गेल्या असत्या आणि हॉटस्पॉटचा पत्ताही अडकला असता!) मग घरचं वायफाय तोडलं, फोनचा हॉटस्पॉट जोडला, ब्राउझरमध्ये वेबमेल उघडलं, नवा पासवर्ड एकदाच, सावकाश टाकला. उघडलं. फाइल जोडली, पाठवली. अकरा वीस!

त्यानंतर ताईनं कंपनीच्या आयटीवाल्याला त्याच्या खऱ्या नंबरवर फोन केला. त्यानं विचारलं, घरच्या वायफायचा आयपी ॲड्रेस काय? तोही सोपा. वायफाय जोडून गुगलवर ‘व्हॉट इज माय आयपी’ शोधायचं आणि जी साइट पत्ता दाखवते ती उघडायची. ताईनं स्क्रीनचा फोटो पाठवला. त्यानं यादी तपासली, अडवलेला पत्ता मोकळा केला आणि वर एक प्रश्न विचारला, “मॅडम, तुमच्या घरात अजून कुठल्या यंत्रावर हे मेल आहे? शुक्रवार संध्याकाळपासून दर पंधरा मिनिटांनी जुना पासवर्ड येतोय.”

लॅपटॉप तर शनिवार-रविवार बंद होता. मग?

मग आठवलं. मे महिन्यात लॅपटॉप रिपेअरला गेला होता, तेव्हा ताईनं चार दिवसांसाठी मेल टॅबवर घेतलं होतं. तो टॅब आता चिरंजीवांकडे. चिरंजीव त्यावर कार्टून बघत होते आणि मागे टॅब बिचारा इमानदारीत जुनी किल्ली फिरवत होता. सोमवारी लॅपटॉपही त्याला सामील झाला आणि वॉचमनचा संयम संपला.

टॅबवरचं खातं काढलं. लॅपटॉपवर मेल प्रोग्रामच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये जाऊन नवा पासवर्ड टाकला. येणाऱ्या मेलसाठी आणि जाणाऱ्या मेलसाठी, दोन्हीकडे. खेळ खलास. पाच मिनिटांचं काम!

आता तुमची पाळी

‘लॉगिन होत नाही’ या तीन शब्दांमागे निदान सात-आठ वेगळी कारणं असू शकतात. प्रत्येकाचं औषध वेगळं. म्हणून पासवर्ड तिसऱ्यांदा टाकण्याआधी हा फंडा करून बघा.

एक : ब्राउझरमध्ये उघडतंय का? उघडलं, तर पासवर्ड बरोबर आहे, खातंही शाबूत आहे. गडबड फक्त तुमच्या डेस्कटॉपच्या प्रोग्राममध्ये आहे. शिवाय ब्राउझरमधून काम सुरूही ठेवता येतं. आधी काम, मग दुरुस्ती!

दोन : दुसऱ्या वाटेनं उघडतंय का? वायफायऐवजी हॉटस्पॉट. कंपनीचं व्हीपीएन असेल तर ते लावून. काही कंपन्यांचं मेल व्हीपीएनशिवाय दिसतच नाही. उलट एखादं फुकटचं व्हीपीएन चालू राहिलं, तर सर्व्हरला वाटतं तुम्ही अचानक परदेशातून लॉगिन करताय आणि तो अडवतो. कॅफेत बसला असाल तर आणखी एक गंमत. वायफाय जोडलेलं दिसतं, पण ब्राउझरमध्ये त्यांच्या पानावर मोबाइल नंबर टाकेपर्यंत नेट सुरू होत नाही. मेलच्या प्रोग्रामला ते पान दिसत नाही, तो नुसताच रुसून बसतो.

तीन : मेसेज वाचा. अक्षरशः वाचा. ‘पासवर्ड चुकीचा’ आणि ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही’ ही दोन वेगळी दुखणी आहेत. घाईत आपण चौकट बंद करतो आणि मग म्हणतो, “काहीतरी एरर आला.” फोननं त्याचा फोटो काढून ठेवा. आयटीवाल्याचा निम्मा वेळ वाचतो.

या तिन्हींनंतरही अडलं, तर नेहमीचे संशयित असे.

कीबोर्ड. मराठी टायपिंग करणाऱ्यांनो, हा आपला खास संशयित! विंडोजमध्ये विंडोजची की आणि स्पेसबार एकत्र दाबले, की भाषा बदलते. पासवर्डच्या जागी फक्त ठिपके दिसतात, त्यामुळे आपण देवनागरीत पासवर्ड देतोय हे कळतच नाही. परदेशी कंपनीनं लॅपटॉप पाठवला असेल तर तोही तपासा. ब्रिटिश कीबोर्डवर ‘ॲट’चं चिन्ह आणि दुहेरी अवतरणचिन्ह यांच्या जागा उलटसुलट असतात. बोटं सवयीनं दाबतात आणि पासवर्ड चुकतो. अशा वेळी पासवर्डच्या चौकटीतलं डोळ्याचं चिन्ह दाबून बघा. ते नसेल तर कोऱ्या नोटपॅडवर एकदा टाइप करून बघा आणि सेव्ह न करता बंद करा.

घड्याळ. ऑथेंटिकेटर ॲपमधला सहा आकडी कोड दर ३० सेकंदांनी बदलतो आणि तो फोनमधल्या वेळेवरून तयार होतो. फोनचं घड्याळ हातानं पुढेमागे केलं असेल तर कोड चुकत राहणार. तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा. जुन्या डेस्कटॉपमधला छोटा सेल संपला, की कॉम्प्युटर सुरू करताना तारीख काही वर्षं मागे जाते. मग सर्व्हरचं सर्टिफिकेट त्याला खोटं वाटतं आणि तो दारातूनच परत फिरतो. बटणाएवढा सेल बदलला की प्रॉब्लेम गायब.

जपून ठेवलेला जुना पासवर्ड. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलमधल्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये जाऊन मेलची जुनी नोंद काढा. मॅकवर ‘कीचेन ॲक्सेस’मध्ये. मग प्रोग्राम पुन्हा उघडून नवा पासवर्ड एकदाच द्या.

मेल येतं, पण जात नाही? मग लॉगिनची गडबड अर्धीच आहे. येणाऱ्या आणि जाणाऱ्या मेलचे सर्व्हर वेगळे असतात. आयमॅपसाठी साधारण ९९३ आणि पाठवण्यासाठी ५८७ किंवा ४६५ हे पोर्ट नंबर लागतात. जुन्या सेटिंगमध्ये पाठवण्यासाठी २५ असेल, तर घरच्या ब्रॉडबँडवर तो बऱ्याचदा अडवलेला असतो. ‘आउटगोइंग सर्व्हरलाही पासवर्ड लागतो’ अशा अर्थाची एक टिक सेटिंग्जमध्ये असते, ती राहिली असेल तरीही मेल जात नाही.

नवा फोन. जुना फोन एक्स्चेंजला दिला आणि ऑथेंटिकेटर त्याच्याबरोबरच गेला? ही चूक भलेभले करतात. नव्या फोनवर कोड येतायत याची खात्री झाल्याशिवाय जुना फोन हातातून सोडू नका. गुगल खात्यात तर एका वेळी १० बॅकअप कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालणारा. ते कागदावर लिहून घरात ठेवा. हो, कागदावर. फोन हरवला की फोनमधले कोडही हरवतात!

‘इतकी वर्षं चालत होतं की!’

आता शेवटचा संशयित, आणि तो आपल्या बाजूचा नाहीच. पासवर्ड बरोबर, वाट मोकळी, घड्याळ ठीक, आणि तरीही जुना प्रोग्राम लॉगिन होत नाही. कारण कुलूप लावण्याची पद्धतच बदलली आहे.

पूर्वी मेलच्या प्रोग्रामला नुसता पासवर्ड दिला की भागायचं. गुगलनं वैयक्तिक जीमेल खात्यांसाठी ती पद्धत ३० मे २०२२ला बंद केली आणि कंपन्यांच्या वर्कस्पेस खात्यांसाठी २०२५मध्ये. मायक्रोसॉफ्टनं कंपन्यांच्या एक्स्चेंज ऑनलाइनवर १ ऑक्टोबर २०२२पासून ती टप्प्याटप्प्यानं काढून टाकली आणि आउटलुक, हॉटमेलच्या वैयक्तिक खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ला. विंडोजमधलं जुनं ‘मेल’ ॲप तर २०२४ संपताना निवृत्तच झालं.

मग आता? आता मावशींकडे किल्ली द्यायचीच नाही. प्रोग्राम लॉगिनसाठी गुगल किंवा मायक्रोसॉफ्टची खिडकी उघडतो, आपण तिथे पासवर्ड आणि कोड देतो, आणि प्रोग्रामला फक्त एक पास मिळतो. व्हिजिटर पाससारखा. एका यंत्राचा पास रद्द केला तरी बाकीच्यांचं चालू राहतं. या पद्धतीला ओ-ऑथ म्हणतात. थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये ‘ऑथेंटिकेशन मेथड’पुढे ‘ओ-ऑथ २’ निवडायचं, खातं काढून नव्यानं जोडलं तर नव्या आवृत्त्या ते आपोआप निवडतात. आउटलुक २०१०सारखी आवृत्ती अजून सांभाळून ठेवली असेल, तर तिला हे जमतच नाही. तिला प्रेमानं निरोप द्या.

जीमेलसाठी एक आडवाट अजून आहे, ‘ॲप पासवर्ड’. १६ अक्षरांचा वेगळा पासवर्ड, फक्त त्या प्रोग्रामसाठी. तो मिळण्यासाठी आधी टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू हवं. आणि मुख्य पासवर्ड बदलला, की जुने ॲप पासवर्ड रद्द होतात. तेव्हा ‘काल चालत होतं’ म्हणत डोकं धरून बसण्याआधी आठवा, काल तुम्ही काय बदललंत?

शेजारची खुर्ची

त्या दिवशी संध्याकाळी ताईचा पुन्हा फोन आला. पगार वेळेत झाले होते. मी म्हटलं, “चला, सुटलीस!” तर म्हणाली, “पासवर्डचं काही नाही गं. पण त्या माणसाला मी स्क्रीन देणार होते ना... ते काही डोक्यातून जात नाहीये.”

मला वाटतं, खरी गोष्ट तीच आहे. मेल तर आज ना उद्या सुरू झालंच असतं. पण एकटं बसलेलं माणूस, समोर घड्याळ आणि विचारायला कुणी नाही... अशा वेळी जो पहिला प्रेमानं बोलेल, त्याच्या हातात आपण किल्ली देतो. घरून काम करताना इंटरनेट फास्ट हवं, खुर्ची चांगली हवी, हे सगळं आपण बघतो. ‘तुझं चालू आहे का रे?’ विचारायला एक माणूस हवं, हे कुणी बघत नाही.

ताईनं बघितलं. तिच्याच कंपनीतली एक मुलगी सोलापूरहून काम करते. दोघी आजवर फक्त मीटिंगमध्ये चौकटीतून एकमेकींना बघायच्या. आता रोज सकाळी नऊला ताईचा व्हॉट्सॲपवर एकच शब्द जातो, “चालू?” आणि तिकडून येतो, “चालू!” झाली शेजारची खुर्ची तयार!

आणि कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. त्यावर आयटीवाल्याचा खरा नंबर, वेबमेलचा पत्ता आणि मेल कुठल्या कुठल्या यंत्रावर आहे त्याची यादी. पासवर्ड मात्र त्यावर नाही, हे विचारून खात्री केली मी! चिरंजीवांचा टॅब त्या यादीतून खोडलाय. त्याचं म्हणणं, त्यानं काहीच केलं नव्हतं. खरंच आहे त्याचं.

तेव्हा आज डबा खाऊन झाला की पाच मिनिटं काढा आणि तुमचाही असा कागद करा. सोमवारी सकाळी नऊ चाळीसला माझी आठवण येईल!